शारदेला कुणी विचारलं होतं?

दिवाळीच्या सुट्टीत नात आली होती पुण्याहून. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवसभर मोबाइलवर कोरियन मालिका बघत बसते. भाषा कळत नाही, पण खाली अक्षरं येतात ती भराभर वाचते. मेथी निवडता निवडता एकदा मीही डोकावले. एक देखणा, श्रीमंत मुलगा एका गरीब मुलीचं मनगट धरून तिला ओढत नेत होता. मुलगी "सोड" म्हणत होती (एवढं भाषा न येताही कळतं) आणि मागे गोड संगीत वाजत होतं.

मी म्हटलं, "अगं, हे काय प्रेम म्हणायचं का? आमच्या वेळी अशा मुलाला चपलेनं मारलं असतं."

झालं! स्वयंपाकघरात वादाला तोंड फुटलं. नात म्हणाली, ही मालिका २००९ ची आहे, 'बॉईज ओव्हर फ्लॉवर्स' नावाची, आणि गोष्ट मूळची जपानी चित्रकथेतली आहे, १९९२ पासूनची. त्याच गोष्टीवर तैवानमध्ये २००१ ला, जपानात २००५ ला, कोरियात २००९ ला आणि चीनमध्ये २०१८ ला अशा मालिका निघाल्या. सुरुवातीला नायक अख्ख्या शाळेला त्या मुलीच्या मागे लावतो, तिचा छळ करवतो आणि मग त्याचंच प्रेम होतं. "आजी, मलाही ते पटत नाही, पण बघवतं," असं प्रामाणिकपणे सांगून झाल्यावर तिनं मलाच पकडलं. "आणि तुम्ही सगळे रोज साडेआठला 'तुला पाहते रे' बघायचात, ते काय होतं?"

सूनबाई गालातल्या गालात हसल्या. मी गप्प बसले. कारण खरंच बघायचो आम्ही. मी, सूनबाई, शेजारच्या वहिनी, सगळ्याच. त्या रात्री मला झोप लागेना आणि विचार करता करता मी थेट देवलांच्या 'शारदे'पर्यंत जाऊन पोचले. आज तेच लिहायचं आहे.

गोविंद बल्लाळ देवलांचं 'संगीत शारदा' रंगभूमीवर आलं १८९९ मध्ये. आमच्या लहानपणी गणपतीत गावातली हौशी मंडळी ते करायची. शारदेचं काम तालुक्याच्या कचेरीतला एक कारकून करायचा, दाढी घोटून घोटून गाल हिरवे पडलेले, तरी शारदा रडली की आमच्या आया रडायच्या. गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच. कांचनभट हा बाप पैशाच्या लोभानं आपली कोवळी मुलगी भुजंगनाथ नावाच्या श्रीमंत म्हाताऱ्याला द्यायला निघतो. भद्रेश्वर दीक्षित हा दलाल मध्ये असतो. म्हाताऱ्याचं वय पाऊणशे, म्हणजे आजच्या माझ्या वयाचाच की! शेवटी कोदंड हा तरुण भर मांडवात ते लग्न थांबवतो.

देवलांनी हे लिहिलं तो काळ आठवा. जेमतेम आठ वर्षांपूर्वी, १८९१ मध्ये, संमतिवयाचा कायदा झाला होता. त्यात मर्यादा दहावरून फक्त बारा वर्षांवर नेली होती, तरी केवढं वादळ उठलं. 'केसरी'तून लोकमान्यांनी विरोध केला, पुण्यात सभा उधळल्या गेल्या. अशा वेळी जरठ-कुमारी विवाहावर नाटक लिहायचं म्हणजे धैर्याचं काम. शारदेच्या तोंडी देवलांनी जी पदं घातली, त्यांत तिची भीती, तिची लाज सगळं आहे. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

पण परवा रात्री पहिल्यांदाच एक गोष्ट खटकली. मांडवातलं लग्न थांबतं कशामुळे? मुलीला ते नको आहे म्हणून नाही. नवरा पंचाहत्तरीचा आहे म्हणूनही नाही. थांबतं ते वधूवर सगोत्र निघाले म्हणून! म्हणजे भुजंगनाथाचं गोत्र वेगळं असतं तर? तर अक्षता पडल्याच असत्या. शारदा दोन अंक रडते, पण तिचं रडणं पुराव्यात धरलं जात नाही. पुढे बदनामीच्या भीतीनं ती जीव द्यायला निघते, कोदंड तिला वाचवतो आणि तिचं त्याच्याशी लग्न होतं. प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकून घरी जातात.

एकदा हे दिसलं की मग सगळीकडे दिसायला लागतं बघा. गडकऱ्यांचा 'एकच प्याला' घ्या. १९१९ मध्ये, गडकरी गेल्यानंतर महिन्याभरातच, गंधर्व नाटक मंडळीनं तो रंगभूमीवर आणला. बालगंधर्वांची सिंधू आमच्या आजीच्या पिढीनं डोळ्यांत साठवून ठेवली होती. सुधाकर वकील दारूच्या नादी लागतो, घर धुळीला मिळतं, मूल त्याच्याच हातून मरतं, सिंधूही जाते. आणि मरता मरता ती फौजदारासमोर नवऱ्याला वाचवण्यासाठी खोटं बोलते. थिएटरात हुंदके. गुन्हेगार कोण ठरतं? प्याला! नाटकाच्या नावातच निकाल दिलेला आहे. दारू वाईटच, त्याबद्दल दुमत नाही. पण बायकोवर हात उचलणारे सगळेच पिऊन उचलत नाहीत, हे शाळेत शिकवताना मला पुष्कळदा पोरांच्या तोंडून कळलेलं आहे. आणि सहन करणं हाच बाईचा मोठेपणा, हा धडा त्या रडण्याबरोबर कधी पोटात गेला ते आमच्या आया-मावश्यांना कळलंसुद्धा नाही.

आता या दोघींच्या शेजारी 'तुला पाहते रे' ठेवून बघा. झी मराठीवर २०१८-१९ मध्ये ही मालिका लागायची. सुबोध भावे विक्रांत सरंजामे आणि गायत्री दातार ईशा निमकर. तो चाळिशी गाठलेला उद्योगपती, ती विशीतली, चाळीत वाढलेली, त्याच्याच कंपनीत कामाला लागलेली मुलगी. तेव्हा वयातल्या अंतरावरून बरीच टीका झाली, घराघरांत वाद झाले. आमच्याकडेही झाले. शेजारच्या वहिनी म्हणायच्या, "प्रेमाला वय नसतं." मी म्हणायचे, "पण पगाराला असतं! मालकाला नाही म्हणायची सोय त्या मुलीला आहे का?"

मालिकेनं या प्रश्नाला काय उत्तर दिलं? तर पुढे उलगडलं की विक्रांत हा मुळात गजा पाटील, त्यानं इस्टेटीसाठी पहिल्या बायकोचा, राजनंदिनीचा, खून केलेला, आणि ईशा म्हणजे तिचाच पुनर्जन्म. म्हणजे पुन्हा तेच! नवरा खुनी निघाला, प्रश्न मिटला. खुनी नसता तर? दुप्पट वयाचा, आपला पगार ज्याच्या हातात आहे असा माणूस मागणी घालतो तेव्हा मुलीच्या "हो"ला किती वजन असतं, हा मूळ प्रश्न शेवटपर्यंत कुणी विचारलाच नाही. १८९९ मध्ये गोत्र मदतीला आलं, १९१९ मध्ये प्याला आणि २०१९ मध्ये पुनर्जन्म. एकशेवीस वर्षांत एवढीच प्रगती!

हे जरा एकांगी झालं, मान्य आहे. याच दूरदर्शनवर १९९७ मध्ये 'दामिनी' आली, पत्रकार बाईची. पुढे १९९९ पासून अल्फा मराठीवर 'आभाळमाया' लागली. त्यातली सुधा जोशी प्राध्यापिका, नवरा दुसऱ्या बाईत गुंततो, आणि ही स्वतःचं काय करायचं ते स्वतः ठरवते. 'तुला पाहते रे' संपल्यावर जुलै २०१९ मध्ये तिच्याच जागी 'अग्गंबाई सासूबाई' आली, त्यात सूनच विधवा सासूच्या लग्नासाठी उभी राहते. म्हणजे लिहिता येत नाही असं नाही.

आणि आमच्या नगर जिल्ह्याला तर (आता सरकारी कागदावर अहिल्यानगर, पण जिभेवर अजून नगरच येतं) हे शिकायला लांब जायला नको. लक्ष्मीबाई टिळक राहुरीला आणि नगरला राहिल्या. अकराव्या वर्षी लग्न झालेलं. रेव्हरंड टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण नवरा गेला म्हणून बाई लगेच मागे गेली नाही. काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग एकत्र आल्या, आणि स्वतःच्या मनाला पटल्यावर १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ मध्ये निघाला. त्यात नवऱ्याचा तापट स्वभाव आहे, भांडणं आहेत, फजिती आहे, आणि तरी त्या दोघांमधलं प्रेम पानापानावर दिसतं. राग लपवलेला नाही आणि रागालाच प्रेम म्हटलेलं नाही. बाईनं स्वतः सांगितलं की गोष्ट अशी होते. त्याही आधी, १८८२ मध्ये, बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना'त त्या काळच्या नाटक-कादंबऱ्या लिहिणाऱ्यांना चांगलंच फैलावर घेतलं होतं. तेव्हा नातीचा आणि माझा वाद काही नवा नाही!

आता जे सांगायचं म्हणून हे सगळं लिहायला घेतलं ते सांगते.

नव्वदच्या दशकात मी जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका गावात शिकवत होते. ऊसतोडीला जाणाऱ्यांचा तो भाग. तिथं मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्यामुळे पोराचं लग्न झालं की घरात एक कोयता वाढतो, आणि पोरगी वयात आली की तिला मागं एकटी ठेवायची आईबापाला धास्ती. नववीतल्या एका हुशार मुलीचं लग्न ठरल्याचं कानावर आलं. मुलगा तिच्याहून चौदा वर्षांनी मोठा. मी आणि मुख्याध्यापक वडिलांकडे गेलो. मी कायदा सांगितला. १९२९ चा बालविवाहाचा कायदा (आमच्याकडे लोकांना वाटायचं तो देवलांच्या शारदेवरून आला, पण तो हरबिलास सारडा यांच्या नावानं ओळखला जातो), त्यात आधी मुलीचं वय चौदा, १९७८ पासून अठरा. पोलीस येतील म्हणाले. वडील भले गृहस्थ, हात जोडून म्हणाले, "बाई, नाही करत." मी विजयी मुद्रेनं परतले.

मुलीला अठरा पूर्ण झाली त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, त्याच माणसाशी. पत्रिका घेऊन वडील स्वतः आले होते. "तुमच्या शब्दाबाहेर गेलो नाही," म्हणाले. मी लग्नाला गेले, जेवलेसुद्धा.

दहा-बारा वर्षांनी एसटी स्टँडवर ती भेटली. कडेवर मूल, हातात पिशवी. पाया पडली. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि मग साधेपणानं म्हणाली, "बाई, तुम्ही तेव्हा घरी आलात, माझं वय सांगितलंत. मी आतच होते, चुलीपाशी. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, मला तो नको होता." रागानं नाही म्हणाली हो. गाडी लागली आणि ती गेली.

म्हणजे मीसुद्धा कोदंडच! मांडवात जाऊन गोत्र सांगणारी. कायदा हवाच, त्यानं कितीतरी मुली वाचल्या. २००६ च्या कायद्यात तर असं लग्न रद्द करून घेण्याचा हक्क त्या मुलीला स्वतःला दिलेला आहे. पण चार पावलं पुढे टाकून चुलीपाशी जायचं आणि "बाळ, तुला काय वाटतं?" एवढं विचारायचं, ते मला, बी.ए. झालेल्या, मुलींना निबंध लिहायला लावणाऱ्या बाईला, सुचलं नाही. कुणी सुचवलंही नाही. ज्या गोष्टींवर मी वाढले त्यांत कुणी विचारतच नव्हतं.

नातीला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग मोबाइल बाजूला ठेवून मेथी निवडायला बसली.

आता मालिका लागली की मी एकच प्रश्न विचारते, या मुलीला कुणी विचारलं का? सूनबाई वैतागतात. "आई, जरा बघू द्या हो." बघू देते मीही. पण जाहिराती लागल्या की पुन्हा विचारते.

असो. तुमच्या घरी अशी कुठली मालिका किंवा नाटक वादाला कारण झालं असेल तर जरूर कळवा. आणि पुण्या-मुंबईच्या भाच्यांनो, नुसतं "छान लिहिलंस मावशी" नको, वाद घाला!