दोनशे चाळीस तास

डिसेंबरातली सकाळ, साक्री तालुक्यातला मुरमाड माळ, समपातळी चर खोदायचं काम. बारावी सायन्सच्या एका पोराने टिकाव टेकवला आणि विचारलं, ‘सर, याना कितला मार्क भेटतीन?’ तळहाताला फोड आलेले. विचारणं रास्तच होतं. ‘मेडिकलला? शून्य,’ मी म्हटलं. त्याने घमेलं ओढलं आणि परत माती भरायला लागला.

धुळ्यात ज्युनिअर कॉलेजला मी जीवशास्त्र शिकवायचो आणि एन.एस.एस.चा, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचा, कार्यक्रम अधिकारीही होतो. थोडक्यात, रजिस्टर, फावडी आणि आचारी यांचा मेळ घालणारा माणूस.

ही योजना गांधी जन्मशताब्दीच्या वर्षातली. २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत, ४० हजार विद्यार्थ्यांनिशी ती सुरू झाली. खानदेश तेव्हा पुणे विद्यापीठात होता. जळगावला आपलं विद्यापीठ यायला १९९० उजाडलं. हिशेब मात्र सगळीकडे एकच: वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, शिवाय सात दिवसांचं निवासी शिबिर. शेवटी प्रमाणपत्र. आमची पोरं ते लॅमिनेट करून फाइलला लावायची.

प्रवेशाच्या खिडकीवर त्या फाइलचं काय व्हायचं? काही नाही. आधी बारावीचे पीसीबीचे मार्क, मग सीईटी, आता नीट. आयआयटीला तर प्रवेशपरीक्षाच. अमेरिकेत अर्जासोबत सेवेचा तपशील मागतात, आणि मग श्रीमंताची पोरं सेवाही शिकवणी लावल्यासारखी उरकतात. आमच्या शून्यात निदान ढोंग नव्हतं. पालक मात्र शिबिराला पाठवायला कुरकुरायचे, ‘सात दिवसांत दोन चॅप्टर होतात.’ तेही खोटं नव्हतं.

गंमत पुढे आहे. दाराबाहेर शून्य असलेली सेवा आत गेल्यावर एकदम तोलली जाते. सरकारी नोकरीतल्या डॉक्टरने दुर्गम भागात काम केलं, तर पदव्युत्तर प्रवेशात वर्षाला १० टक्के, जास्तीत जास्त ३० टक्के गुणभार, असा नियम मेडिकल कौन्सिलने केला. उत्तर प्रदेशातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तो उचलून धरला: नुसता राखीव कोटा नको, गुणभार द्या. दुर्गम म्हणजे आमच्याकडे सातपुड्यातलं धडगाव, अक्कलकुवा. १ जुलै १९९८ ला नंदुरबार वेगळा होईपर्यंत हे आमच्याच धुळे जिल्ह्यात होतं. तिथली बदली शिक्षा समजली जायची. आता ऑर्डर मागून घेणारे निघाले.

टिकाव टेकवणारा तो पोरगा सरकारी डॉक्टर होऊन धडगावकडे तीन वर्षं होता. पीजीची यादी लागली त्या रात्री त्याचा फोन आला. ‘सर, तीस टक्का!’ मग जरा थांबून म्हणाला, ‘आपल्या चरांत पाणी थांबतं का हो अजून?’

मी परत कधी बघायला गेलोच नव्हतो.