लागणे

परवा भाचीचा फोन आला तेव्हा अमडापूरच्या घरी आईचा नुकताच डोळा लागला होता. मी तसं सांगितलं तर पोरगी घाबरलीच. "मामा, आजीच्या डोळ्याला काय लागलं?" तिचा जन्म हॉलंडचा, मराठी घरात ऐकून ऐकून आलेलं. तिला म्हटलं, अगं, झोपली गं ती!

मग आम्ही दोघं यादी करत बसलो. भूक लागते, ठेच लागते, दृष्ट लागते. विहिरीला पाणी लागतं, आंबा पाडाला लागतो, भात बुडाला लागतो. निकाल लागतो, बस लागते (स्टँडवर लागते ती वेगळी आणि घाटात लागते ती वेगळी!). जावं लागतं, रडायला लागतो. प्रत्येकाला इंग्रजीत वेगळं क्रियापद. भाची म्हणाली, तुम्ही लोक एकाच शब्दावर भागवता की काय?

यावरून मोल्सवर्थसाहेबाची आठवण झाली. कंपनी सरकारच्या फौजेतला हा अधिकारी मराठीच्या नादी लागला (बघा, इथेही तेच!). शास्त्रीमंडळी आणि जॉर्ज व थॉमस कँडी हे जुळे भाऊ यांच्या मदतीने त्याने 1831 मध्ये मराठी-इंग्रजी कोश काढला. 1857 च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्द साठ हजारांच्या घरात गेले. आपला वऱ्हाड 1853 पर्यंत निजामाच्या कारभारात, कोशाचं काम मात्र मुंबई इलाख्यातलं. तरीही आज शंका आली की आपण त्यालाच शरण जातो. आता तर कोश इंटरनेटवरही आहे.

त्यात 'लागणे' काढून बघा. अर्थामागून अर्थ. पण मुळाशी संस्कृत 'लग्' धातू, म्हणजे चिकटणे, स्पर्श होणे. भूक येऊन चिकटते, ठेचेत दगड पायाला स्पर्श करतो, विहीर खणणाऱ्याची पहार पाण्याला भिडते. 'लग्न' हा शब्दही त्याच धातूचा. म्हणजे लग्न 'लागतं' तेव्हा आपण एकच गोष्ट दोनदा म्हणतो.

हे सगळं भाचीला का सांगितलं? गेल्या दिवाळीत ती इथे आली होती. आईला हल्ली माणसं ओळखू येत नाहीत. भाचीचा हात हातात धरून आईनं विचारलं, "तू माही कोन लागते वं?" पोरीला 'लागते' म्हणजे दुखापत एवढंच ठाऊक. आपल्यामुळे आजीला काही लागलं असं वाटून ती हात सोडवून बाजूला झाली. आम्हीही तेव्हा समजावलं नाही.

परवा समजावलं. नातं सांगायलाही आपल्याकडे हेच क्रियापद. कोण लागते म्हणजे कोण चिकटलेली आहेस मला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मामा, आजी उठली की फोन दे. सांगते तिला, मी नात लागते."

आई उठली तेव्हा दिवेलागण झाली होती. फोन दिला. काय बोलल्या दोघी ते विचारलं नाही.

असो. तुमच्याकडचे 'लागणे' जरूर कळवा. आमची यादी अजून अपुरीच आहे.