नकाशाच्या रंगांपासून बिनतारी लहरींपर्यंत

खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे ज्या नवागामात स्थिरावली, तेथील एखादी गल्ली डोळ्यांसमोर आणा. घरोघरी वायफायचे यंत्र आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात परस्परांना बाधा न आणणारे मार्ग सामान्यतः तीनच : १, ६ आणि ११. दोन शेजाऱ्यांनी एकच मार्ग धरला की दोघांचेही संदेशवहन मंदावते. मग मार्गांची वाटणी करावयाची कोणी? या प्रश्नाचे मूळ बरेच जुने आहे.

१८५२ मध्ये फ्रान्सिस गथ्री यांना इंग्लंडच्या परगण्यांचा नकाशा रंगविताना आढळले की, लगतचे परगणे भिन्न रंगांत दाखविण्यास चार रंग पुरतात. कोणत्याही नकाशास ते पुरतात, हे १९७६ मध्ये अॅपेल व हाकेन यांनी संगणकाच्या साहाय्याने सिद्ध केले. परगण्यांच्या जागी बिंदू आणि सीमांच्या जागी रेषा काढल्या की आलेख तयार होतो. बिंदूंना यंत्रे व रंगांना मार्ग मानले की तोच प्रश्न बिनतारी जाळ्याचा होतो.

नकाशाला रंगविणारा एकच हात असतो. गल्लीला तो नसतो. येथे खेळांचा सिद्धांत उपयोगी पडतो. १९५० मध्ये जॉन नॅश यांनी असा समतोल मांडला की, जेथे एकट्याने निर्णय बदलून कोणाचाच लाभ होत नाही. प्रत्येकाने पाळीपाळीने, स्वतःचे तंटे घटत असतील तरच, मार्ग बदलावा. त्याचे जितके तंटे मिटतात तितकेच साऱ्या गल्लीचे घटतात. ही संख्या शून्याखाली जात नाही, म्हणून बदल कधीतरी थांबतातच. मात्र दोन शेजारी एकाच क्षणी बदलले, तर ते पुन्हा एकाच मार्गावर येऊ शकतात.

थांबणे म्हणजे तंटा मिटणे नव्हे. चौकाभोवती चार घरे व दोनच रंग असून क्रमाने तांबडा, तांबडा, निळा, निळा अशी मांडणी झाली, तर एकट्याने बदलून कोणासही लाभ नाही. वस्तुतः एकाआड एक रंग दिल्यास सर्वांचेच भागते.

नागपुरात शिकलेले गणिती शरच्चंद्र शंकर श्रीखंडे (१९१७-२०२०) यांचे येथे स्मरण होते. १९५९ मध्ये त्यांनी मांडलेल्या आलेखात १६ बिंदू असून प्रत्येकास सहा शेजारी आहेत. सात रंग असल्यास प्रत्येकास एक तरी रंग मोकळा सापडतो. म्हणून केवळ शेजाऱ्यांकडे पाहून काम तडीस जाते. पण संपूर्ण आलेख पाहणारा तेच चार रंगांत साधतो. उरलेले तीन रंग ही संपूर्ण चित्र कोणीच न पाहण्याची किंमत होय. नियोजकाविना सुव्यवस्था शक्य आहे. ती विनामूल्य मात्र नाही.