सीमाभागातून लोणेऱ्याला
कारवारकडचा मुलगा रायगडातल्या लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात महाराष्ट्राच्या कोट्यातून कसा प्रवेश मिळवू शकतो, असा प्रश्न वाचकाला पडेल. कारवार, बेळगाव, निपाणी, बिदर, भालकी या शहरांसह कर्नाटकातल्या ८६५ गावांवर महाराष्ट्राचा दावा आहे. २००४ पासून तो सर्वोच्च न्यायालयात आहे. या वादग्रस्त भागातील शाळा-महाविद्यालयांतून दहावी-बारावी झालेल्या, मातृभाषा मराठी असलेल्या उमेदवाराला अभियांत्रिकी प्रवेशाच्या नियमांत ‘प्रकार ई’खाली राज्याचाच उमेदवार धरतात. मातृभाषेचा दाखला मात्र जोडावा लागतो. ही सवलत न्याय्यच आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेची सीमा या मुलांना विचारून आखलेली नव्हती.

— संपादक