भाव न करता घेतलेली गाडी

पाडव्याच्या मुहूर्तावर मोटारगाडी घरी आणावयाची, तिच्या बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढावयाचे, चाकाखाली लिंबू ठेवावयाचे आणि मग सहकुटुंब देवदर्शनाला जावयाचे, ही रीत आता आपल्या अंगवळणी पडली आहे. त्याआधीचे चार-सहा आठवडे घरोघरी काय चालते तेही वाचकांना ठाऊकच आहे. एका दुकानात जाऊन भाव काढावयाचा, तो दुसऱ्या दुकानात सांगावयाचा. विम्यात किती सोडता, जुन्या गाडीचे किती धरता, पायाखालच्या रबरी चटया तरी फुकट द्याल की नाही, अशी घासाघीस करावयाची. विक्रेता चहा पाजतो, मॅनेजरला विचारून येतो म्हणून आत जातो आणि चेहरा पाडून बाहेर येतो. आपणही उठल्यासारखे करतो. हे नाटक दोघांनाही पाठ असते.

नाटक जुनेच आहे. आपल्या बैलबाजारात ते पिढ्यान् पिढ्या चालत आले. बैलाचे दात पाहून वय ठरवावयाचे, त्याला चालवून बघावयाचे, पाठीवर थाप मारावयाची आणि मग हेड्याने उपरण्याखाली हात धरून बोटांच्या खुणांनी भाव बोलावयाचा. चारचौघांच्या डोळ्यांदेखत सौदा व्हावयाचा, पण भाव मात्र दोघांपलीकडे कोणाला कळावयाचा नाही. असल्या सौद्याचा पाया एकच. पटले नाही तर घेणारा उठून पुढच्या दावणीकडे जाईल, ही धास्ती विकणाऱ्याच्या मनात असावी लागते.

ही धास्तीच आपल्या देशातील मोटारविक्यांच्या मनातून चांगली तीन-साडेतीन दशके नाहीशी झाली होती. त्या काळात गाडी कशी घेत असत आणि कोणती घ्यावयाची हे कसे ठरत असे, ती हकीकत आजच्या मुलांना सांगितली तर ती खोटी वाटते. वर्गात सांगून पाहिली आहे. मुले हसतात.

सुरुवात अशी नव्हती. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात मुंबईच्या बाजारात अमेरिकन आणि विलायती गाड्यांची रेलचेल होती. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला सुटे भाग जोडून गाड्या तयार करण्याचा कारखाना काढला. फोर्डनेही आपले बस्तान बसविले. गिऱ्हाईक मूठभर, पण निवडीला वाव भरपूर. प्रश्न होता तो निराळाच. आपल्या देशाने स्वतःची गाडी का करू नये? सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३५ च्या सुमारास हा विचार हाती घेतला आणि त्यासाठी ते अमेरिकेपर्यंत जाऊन आले. त्यांच्या जोडीला उभा राहिला तो सोलापूरचा माणूस, वालचंद हिराचंद.

वालचंदांनी केलेल्या वाटाघाटी हीच आपल्याकडची गाडीची पहिली मोठी घासाघीस म्हटली पाहिजे. फोर्डशी बोलणी केली ती फिसकटली. मग क्रायस्लरशी जमले. परंतु सौदा विकणाऱ्याशी जमून भागत नव्हते; मधे इंग्रज सरकार बसले होते. युद्धाच्या धामधुमीत हा कारखाना निकडीचा नाही असे त्या सरकारचे मत पडले. जहाजांच्या धंद्यात या माणसाने असले नकार पुष्कळ पचविले होते. अखेर १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन झाली आणि कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स त्याआधी, १९४२ साली निघाली होती. ती ओख्याहून पुढे कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला गेली.

स्वातंत्र्यानंतर सरकारने परदेशी गाड्यांची आयात जवळजवळ बंदच केली. १९५३ साली टॅरिफ कमिशनने सांगितले की, जे कारखानदार गाडीचे भाग हळूहळू येथेच बनवावयास तयार असतील त्यांनाच धंदा करू द्यावा. नुसते जोडकाम करणाऱ्यांनी गाशा गुंडाळावा. फोर्ड आणि जनरल मोटर्स निघून गेल्या. हेतू वाईट होता असे मला वाटत नाही. परकीय चलन तुटपुंजे, धरणे आणि पोलादाचे कारखाने बांधावयाचे. चैनीच्या वस्तूवर ते का उधळावे, हा प्रश्न रास्तच होता. पण त्याचा परिणाम असा झाला की, मध्यमवर्गीय माणसाने गाडी घ्यावयाची म्हटले तर त्याच्यापुढे मोजून तीन नावे उरली.

पहिली ॲम्बॅसेडर. विलायतेतील मॉरिस ऑक्सफर्डचा साचा आणून हिंदुस्थान मोटर्सने १९५७ च्या सुमारास ती काढली. पोट मोठे, पुढे तिघे, मागे चौघे आणि मांडीवर पोरे असा सारा गोतावळा तिच्यात मावावयाचा. खाचखळग्यांना ती दाद देत नसे, आणि बिघडली तर कोणत्याही तालुक्याच्या गावी तिला उघडून बसणारा मिस्त्री भेटत असे. दुसरी फियाट. प्रीमियरने इटलीतील फियाट कंपनीशी करार करून १९५४ पासून ११०० जातीची गाडी कुर्ल्यात काढली. तिच्या गुबगुबीत पहिल्या अवताराला मुंबईकरांनी ‘डुक्कर फियाट’ हे नाव दिले. त्यात तिरस्कार नव्हता, लाडच होता. ही शहरातली गाडी, अंगाने आटोपशीर, पेट्रोल बेताने पिणारी. तिसरी मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड, १९६१ ची. दिसावयास तिघींत देखणी. पण सुरुवातीच्या हेरल्डला दरवाजे दोनच. पुढची खुर्ची दुमडून, कंबरेत वाकून मागे शिरावयाचे. नऊवारी नेसलेल्या सासूबाईंना तेथे कसे बसवावयाचे, या एका प्रश्नावर हेरल्डचा विचार कित्येक घरांत बारगळला असणार! चार दरवाजांची हेरल्ड १९६८ पर्यंत यावयाची होती.

निवडीचा वाद असा घरातल्या घरात, जेवणाच्या पाटावर व्हावयाचा. विक्रेत्यापाशी वाद घालावयास काही शिल्लकच नव्हते. १९५९ साली सरकारने मोटारगाड्यांच्या वाटप-विक्रीवर नियंत्रण आणले. टपाल बचत खात्यात ठरावीक रक्कम अडकवून ठेवावयाची, विक्रेत्याकडे नाव नोंदवावयाचे, आणि आपला क्रमांक येण्याची वाट पाहावयाची. फियाटची रांग सर्वांत लांब. नाव नोंदविले तेव्हा पाळण्यात असलेले मूल गाडी येईतो शाळेत जाऊ लागे. रंग कोणता हवा हे विचारण्याची सोय नाही. जो निघेल तो आपला. सरकारी कोटा निराळा, परकीय चलनात पैसे भरणाऱ्यांची वाट निराळी. आणि सर्वांत गंमत पुढेच आहे. नियंत्रित भावाने मिळालेली फियाट कारखान्यातून बाहेर पडली की, तिला बाजारात त्याहून जास्त भाव येई. वापरलेली वस्तू नव्याहून महाग! मग लोक गाडीसाठी नव्हे, तर नुसत्या क्रमांकासाठी रांगेत उभे राहू लागले. मिळालेली गाडी ठरावीक मुदतीपर्यंत परवानगीवाचून विकू नये असा नियम सरकारला करावा लागला.

याच सुमारास अमेरिकेत काय चालले होते ते पाहण्याजोगे आहे. तेथे गाड्या उदंड आणि विक्रेते धूर्त. खरी किंमत गुलदस्तात ठेवून, आधी फुगवून मग सूट दिल्याचे सोंग करावयाचे, असा तेथला धंदा होता. त्याला आळा घालावा म्हणून मन्रोनी नावाच्या ओक्लाहोमाच्या सेनेटराने १९५८ साली कायदा करून घेतला. प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर कारखान्याने सुचविलेली किंमत छापील चिठ्ठीवर लावलीच पाहिजे, असा तो कायदा. ती चिठ्ठी आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते. तेथे घासाघीस अती झाली म्हणून कायदा आला. आपल्याकडे १९५९ च्या नियंत्रणाने घासाघीसच उरली नाही.

तसे म्हटले तर ती अगदीच नाहीशी झाली नव्हती. ती वरच्या मजल्यावर गेली होती. १९६९ साली सरकारने गाड्यांच्या किमती हुकुमाने बांधून दिल्या. पंधरा हजारांच्या आगेमागे असलेल्या त्या किमती कारखानदारांना परवडेनात. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. मग चौकशी आयोग बसला, पोलादाचा भाव, मजुरी, भांडवलावरचा नफा यांचा हिशेब झाला. बैलबाजारात उपरण्याखाली जे दोन क्षणांत ठरे, ते येथे न्यायमूर्तींसमोर ठरू लागले. आणि ज्याच्या खिशातून पैसे जावयाचे तो रांगेत उभाच होता.

पुढचे थोडक्यात सांगतो. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुतीची पहिली गाडी दिल्लीत इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली. एक लाखाहून जास्त लोकांनी आधीच पैसे भरून नावे नोंदविली होती आणि गाड्यांचे क्रमांक सोडतीने लागले. पहिली चावी ज्या गृहस्थांना मिळाली त्यांनी त्यासाठी आपली फियाट विकून टाकली होती म्हणतात. १९९३ साली मोटारींच्या कारखान्यांवरचा परवान्याचा जाच उठला, एकामागून एक परदेशी कंपन्या आल्या, आणि विक्रेत्याने गिऱ्हाइकाला पुन्हा खुर्ची दिली.

परंतु त्या रांगेच्या काळातील एका खरेदीची हकीकत सांगितल्यावाचून माझ्याने पुढे जाववत नाही. कारण तेथे घेणाऱ्याने केलेला सौदा विकणाऱ्याशी नव्हता.

लालबहादूर शास्त्री जून १९६४ मध्ये पंतप्रधान झाले. सरकारी कामासाठी शेव्हरोले इम्पाला ही भली मोठी अमेरिकन गाडी त्यांच्या दिमतीस होती. त्यांच्या मुलाने एकदा ती घेऊन फेरफटका मारला, तेव्हा शास्त्रीजींनी चालकाकडून नोंदवही मागविली. गाडी खासगी कामासाठी चौदा किलोमीटर गेली होती. तेवढ्याचे पैसे घरातून सरकारजमा झाले. घरची गाडी नव्हतीच. पंतप्रधानांच्या घरी स्वतःची गाडी असू नये हे मुलांना खटकत होते, तसे कोणत्याही घरी खटकलेच असते.

चौकशी झाली. फियाटची किंमत निघाली बारा हजार रुपये. बँकेतील शिल्लक पाहिली, ती सात हजार. पाच हजार कमी पडत होते. बरीच वर्षे केंद्रात मंत्रिपदे भूषविलेल्या माणसाची ही शिल्लक! घासाघीस करावी तर किंमत सरकारनेच बांधलेली, आणि त्या सरकारचे प्रमुख स्वतः शास्त्रीजीच. इम्पाला दारात उभी होती, ती वापरण्यास कोणी हरकत घेतली नसती. फियाटचा विचार सोडून देणेही शक्य होते. शास्त्रीजींनी पंजाब नॅशनल बँकेकडे पाच हजारांच्या कर्जासाठी अर्ज केला. कर्ज मिळाले, फियाट आली. तिचा क्रमांक डीएलई ६.

गाडी कुर्ल्याच्याच कारखान्यातली. ज्या आग्रा रोडवर तो कारखाना होता, त्या रस्त्याला पुढे लालबहादूर शास्त्री मार्ग असे नाव पडले, हा योगायोगच.

गाडी फार दिवस त्यांच्या वाट्याला आली नाही. १९६५ चे युद्ध झाले, आणि ११ जानेवारी १९६६ रोजी ताश्कंदला शास्त्रीजी गेले. मागे बाकी राहिले त्यात हे कर्जही होते. ललिताबाईंना निवृत्तिवेतन सुरू झाले. त्यातून त्यांनी बँकेची बाकी फेडली. फिक्कट मलईच्या रंगाची ती फियाट पुढे दिल्लीतील शास्त्री स्मारकात ठेवण्यात आली.