शहरी बेघरांच्या निवाऱ्याचे नियम: एक भाष्य

राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान 2013 साली सुरू झाले. बेघरांसाठी निवारे कसे असावेत, याचे नियम त्यात घालून दिले. त्यांतील पाच तरतुदींचा आशय पुढे देऊन त्यावर भाष्य केले आहे.

1. दर एक लाख शहरी लोकसंख्येमागे किमान 100 जणांचा कायमस्वरूपी निवारा असावा.

'किमान' हा शब्द इथे विसरता येत नाही. 2011 च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे 1 कोटी 24 लाख होती. या हिशेबाने 124 निवारे होतात आणि जागा होतात 12,400. त्याच जनगणनेत मुंबईतले बेघर 57 हजारांवर भरले. म्हणजे नियम अक्षरशः पाळला, तरी पाचातल्या जवळपास चौघांना छप्पर नाहीच. प्रमाण बेघरांच्या संख्येवरून ठरायला हवे होते, ते एकूण लोकसंख्येवरून ठरले. म्हणून महापालिकेने किमान आकड्यावर समाधान मानू नये.

2. निवारा बारमाही आणि चोवीस तास उघडा असावा.

जानेवारी 2010 मध्ये, दिल्लीच्या कडाक्याच्या थंडीत, अन्नाच्या अधिकाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे बेघरांचा प्रश्न आला. बारमाही निवाऱ्याचा आग्रह तिथून धोरणात आला. केवळ रात्रीपुरते दार उघडणारी जागा रात्रपाळी करून आलेल्या हमालाला उपयोगाची नाही. आजारी माणसाने सकाळी अंथरूण गुंडाळून जायचे कुठे? आणि मुंबईत थंडीपेक्षा पाऊस अधिक छळतो. पथारी भिजली की चूलही विझते.

3. निवारे बेघरांच्या वस्तीजवळ आणि कामाच्या ठिकाणाजवळ असावेत: रेल्वे स्थानके, बस आगारे, बाजारपेठा.

ही तरतूद साऱ्या नियमांचा प्राण आहे. 1981 च्या पावसाळ्यात मुंबईच्या पदपथांवरील माणसांना उचलून शहराबाहेर पाठवण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला. त्यातून ऑल्गा टेलिस खटला उभा राहिला. 1985 च्या निकालात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, असे ठरवले. माणूस पदपथावर राहतो कारण त्याचे काम जवळ असते, हे न्यायालयाने मान्य केले. पदपथ अडवण्याचा हक्क मात्र त्याने दिला नाही; रीतसर हटवण्याची मुभा पालिकेकडे राहिली. त्यामुळे हक्क मान्य झाला, तरी जागेचा प्रश्न सुटला नाही. ही तरतूद नेमकी तिथे उत्तर देते. शहराच्या टोकाला बांधलेला निवारा रिकामा राहिला, तर 'लोकच येत नाहीत' असा निष्कर्ष काढू नये. पहाटे मंडईत माल उतरवणारा माणूस तिथून पोहोचणार कसा?

4. दर माणशी सुमारे 5 चौरस मीटर जागा. स्त्रिया, कुटुंबे, वृद्ध आणि आजारी यांच्यासाठी गरजेनुसार वेगळी सोय.

क्षेत्रफळ मोजणे सोपे आहे, कुटुंब सांभाळणे अवघड. नवरा एका निवाऱ्यात आणि बायको-मुले दुसऱ्यात अशी वाटणी होणार असेल, तर ते कुटुंब पुलाखालीच राहणे पसंत करील, आणि त्यात त्याचा दोष नाही. कौटुंबिक निवारे आधी बांधले पाहिजेत.

5. निवाऱ्यातील रहिवाशांना शिधापत्रिका, मतदार ओळखपत्र, निवृत्तिवेतन, शाळा, आरोग्यसेवा यांच्याशी जोडून द्यावे.

पत्ता नसल्याने कागद नाही आणि कागद नसल्याने हक्क नाही, ही कोंडी इथे फुटू शकते. पण महाराष्ट्रात 1959 चा भीक प्रतिबंधक कायदा अजून लागू आहे. उपजीविकेचे साधन न दिसणाऱ्या, भटकणाऱ्या माणसालाही तो भिकारी ठरवू शकतो. दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये याच कायद्याची प्रमुख कलमे दिल्लीपुरती रद्द केली. ज्याला ओळखपत्र द्यायचे त्यालाच पकडण्याची तरतूद ठेवायची, ही विसंगती महाराष्ट्र विधिमंडळानेही दूर करावी.

केंद्राने सुरुवातीला बहुतेक राज्यांना 75 टक्के खर्च देऊ केला होता. तरीही अंमलबजावणी इतकी रेंगाळली, की 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पाहणीसाठी समिती नेमावी लागली. अडते ते जागेपाशी, आणि जागा ठरवतो शहराचा विकास आराखडा. म्हणून आराखड्याच्या हरकती-सूचनांच्या वेळी प्रत्येक प्रभागात, स्थानक व बाजाराजवळ, निवाऱ्याचे आरक्षण मागणे हे नागरिकांचे काम आहे. ते आरक्षण नसेल, तर हे पाचही नियम कागदावरच राहतील.