क्षीण होणाऱ्या स्नायूंचें चित्र

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यांत सिहोरा हें गांव आहे. हा सारा धानाचा मुलूख. येथील मुलें बांधांवरून धांवतच मोठीं होतात. त्यांतील एखादा मुलगा चार-पांच वर्षांचा होतांच वारंवार पडूं लागला, आणि त्याच्या पोटऱ्या मात्र पहिलवानासारख्या भरलेल्या दिसल्या, तर आईबापांनीं काय समजावें?

ती पोटरी बळाची नव्हे, हें उमगण्यास वैद्यकास बराच काळ लागला. १८५२ सालीं लंडनच्या एडवर्ड मेरियन यांनीं हा विकार मज्जातंतूंचा नसून स्नायूंचाच आहे, असें प्रतिपादन केलें. पॅरिसच्या ड्यूशेन यांनीं एक खास सुई योजून जिवंत रोग्याच्या स्नायूचा कण काढला व १८६८ मध्यें सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलें. स्नायुतंतूंची जागा चरबीनें व निबर तंतुमय ऊतकानें घेतली होती. १८७९ मध्यें गॉवर्स यांनीं मांड्यांवर हात टेकीत उठण्याची या मुलांची रीत नोंदविली. रोगाचें मूळ, म्हणजे डिस्ट्रोफिन या प्रथिनाचा अभाव, १८८७ नव्हे, तर त्यानंतर तब्बल शंभर वर्षांनीं, १९८७ मध्यें उघड झालें.

परंतु रोग किती पुढें सरकला, हें मोजावें कसें? सुई पुनःपुन्हा टोंचतां येत नाहीं. चालण्याची कसोटीही फसवी. कारण सातेक वर्षांपर्यंत मुलगा वाढत असतो, त्याची चाल सुधारल्यासारखी वाटते, आणि आंत चरबी मात्र सांचतच असते. शिवाय त्या दिवशींचा थकवा व उत्साह हेही मापांत मिसळतात.

येथें चित्रण उपयोगीं पडलें. १९८२ मध्यें लंडनच्या हेकमॅट, ड्युबोविट्झ प्रभृतींनीं सोनोग्राफींत स्नायू किती उजळ दिसतो, त्यावरून चार पायऱ्या ठरविल्या. १९८४ मध्यें डिक्सन यांनीं पाणी व चरबी यांचे संदेश निराळे करण्याची युक्ति सांगितली. तिच्या आधारें एमआरआय आज मांडींतील चरबीचें प्रमाण आंकड्यांत सांगतो. तें प्रमाण वाढलें कीं जिना चढणें व चालणें मंदावतें, इतकेंच नव्हे, तर चाल थांबण्याची पूर्वसूचनाही त्यांतून मिळते. नव्या औषधांची पारख करण्यास हें माप मोलाचें आहे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें या विकारास मान्यता दिली आहे. एमआरआयसाठीं मोठें शहर गांठावें लागतें. सोनोग्राफी त्या मानानें स्वस्त व जवळची. चित्र हा उपचार नव्हे, हें खरें. पण मुलाचे पाय थकण्यापूर्वीं घरच्यांस तयारीचा अवधि मिळणें, ही थोडी गोष्ट नाहीं. म्हणून भरलेल्या पोटरीचें कौतुक करण्याआधीं, मूल जमिनीवरून उठतें कसें, तें पाहावें.